टॅप्टनच्या घरातून जाणारी वाट

डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे. या दारानं आत शिरायचं, त्या दारानं बाहेर पडायचं. कुणाला विचारायची गरज नाही. घर एकाचं असलं तरी वाट सगळ्यांची आहे. आमचं ऑल्डरवेल सलग गाव नव्हे. चर्च इथं आणि वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. पुरायचं मात्र याच चर्चच्या आवारात, म्हणून वाड्यांतली माणसं शवपेटी खांद्यावर घेऊन इथवर यायची.

थॉर्नसाइड वाडीच्या हेस्टरचा नवरा ऐन हिवाळ्यात गेला. वाडीची वाट तेव्हा या घराच्या पुढच्या दाराशी संपायची. चर्च मागच्या शेतापलीकडे. पण ज्या जमिनीवरून प्रेत जातं तिथली वाट कायमची सगळ्यांची होते, अशी इकडची पक्की समजूत. म्हणून घरमालक राल्फ टॅप्टन शेताच्या फाटकाला कडी घालून उभा राहिला, म्हणे. हेस्टरनं बर्फात गुडघे टेकून विनवलं.

"नदीकडून न्या," तो म्हणाला. "माझं सातूचं शेत तुमच्या मढ्यांसाठी नाही."

नेलं बिचाऱ्यांनी. गोठलेली नदी मध्यावर फुटली, खांदेकरी कसेबसे वाचले, पेटी गेली ती गेलीच. हेस्टरला रडायला थडगंसुद्धा उरलं नाही. तिनं मनाशी गाठ बांधली की या माणसाचं घर उभं चिरायचं.

मग बरीच वर्षं गेली. टॅप्टन म्हातारा झाला, घरात करणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा ही दोन वेळच्या जेवणावर त्याच्याकडे कामाला लागली. वाडीवाल्यांच्या तोंडाकडे त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं, ओळखणार कसा? तिनं त्याचे सांधे शेकले, त्याला गरम रस्सा पाजला. जीव लावून करायची, असं सांगतात. तो आधी मरून कसं चाललं असतं?

शेवटी पुढच्या खोलीत तिनं अंथरूण धरलं. पाद्री आला. टॅप्टनचा तिच्यावर जीव जडला होता हो, खरंच जडला होता.

"मालक, मला मागच्या दारानं न्याल ना? शेतातून, सरळ?"

"तू घरचीच आहेस. शपथ घेतो," तो पाद्र्यासमोर म्हणाला. घरातल्याच मोलकरणीच्या प्रेतानं कुठं सगळ्यांची वाट पडते, असं त्याला वाटलं.

"मी थॉर्नसाइडची हेस्टर. माझ्या नवऱ्याला तुम्ही नदीकडून पाठवलंत."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. शपथ मोडायची सोय नव्हती. सगळी थॉर्नसाइड वाडी पुढच्या दारानं आत आली आणि पेटी उचलून स्वयंपाकघरातून, सातू तुडवत चर्चला गेली. पुढं त्या वाडीचं प्रत्येक मढं त्याच्या जेवणाच्या टेबलाला घासून जाऊ लागलं, आणि टॅप्टन म्हणे खूप जगला. हेस्टरनं त्याची तब्येतच तशी राखली होती.

आजही थॉर्नसाइडहून पेटी आली की घरधन्यानं घास टाकून उठायचं आणि मागचं दार स्वतःच्या हातानं उघडायचं. चला, घरची मंडळी जेवताहेत. त्यांच्याकडे बघू नका. तेही आपल्याकडे बघत नाहीत.