बापूकाकांचे गुळगुळीत टायर

"टायर बापूकाका निवडतात, आपण विचारायचं नाही," हे मला लहानपणापासून बजावलेलं. यंदा आमचा ट्रक निफाडहून कांदा घेऊन हिमाचलातल्या बर्फाळ, कच्च्या घाटात जाणार होता आणि चालवणार होता माझा भाऊ, तुषारदादा. काकांनी निवडले बारीक रेघांचे, गुळगुळीत टायर.

मी हरकत घेतली, तर काका म्हणाले, "हायवेला हेच पळतात. कॉलेजात टायर शिकवतात का गं, अनघे?"

मी नळी लावून ट्रकशेजारच्या काळ्या मातीचा चिखल केला. "काका, एवढं ओलांडून दाखवा. मग मी गप्प."

ट्रकभोवती जमलेले बाकीचे चुलते हसले. काका दोन पावलं गेले, चपला सरकल्या, ते ट्रकला धरून सावरले. मग चपला हातात घेऊन, पायाची बोटं चिखलात रोवत झोकात पलीकडे पोहोचले. "आलो की नाही?"

"आलात, पण गुळगुळीत चपला काढून. दादानं बर्फात टायर काढून गाडी चालवायची का?"

मी ट्रकची किल्ली काढून मुठीत घेतली.

"खोल खाचांचे, थंडीतही मऊ राहणारे टायर बसेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील. मी देणार नाही."

काकांनी हातातल्या चपला उलटून त्यांचे तळ पाहिले.