एका यंत्रात दोन बिऱ्हाडं

"म्हणजे एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं?" अप्पांनी विचारलं.

"तसंच समजा," विरूपाक्ष म्हणाला. "विंडोज आहे तिथंच राहील, मठाचं टायपिंग त्यावर चालू दे. शेजारी लिनक्स टाकतो, माझ्या कामाला. संगणक चालू केला की तोच विचारेल, दोन्हीतलं कुठलं हवं?"

"आणि जे नको म्हणशील, ते?"

"ते पडून राहील. त्याला कळणारही नाही."

अप्पांनी संगणकावरून हात फिरवला.

विरूपाक्ष पुण्याच्या कंपनीतून लांबलचक रजा काढून गडहिंग्लजकडच्या अप्पांच्या मठात आला होता. मन रमलं तर दीक्षा घ्यायची, नाही तर परत कामावर. तिकडची खुर्ची त्याने सोडलेली नव्हती.

"या यंत्रात थोरल्यांचा आवाज आहे," अप्पा म्हणाले.

थोरले म्हणजे अप्पांचे गुरू. त्यांची निरूपणं कुणा भक्ताने जुन्या कॅसेटवरून संगणकात उतरवून दिली होती. कॅसेटना बुरशी लागून त्या केव्हाच गेल्या. रोज पूजा आटोपली की अप्पा संगणकापुढे बसून एखादं निरूपण ऐकत.

"आधी तो दुसरीकडे उतरवून घे."

"काही गरज नाही, अप्पा. हे काम मी डोळे मिटून करतो."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते उठून गेले.

डिस्कचा एक भाग विरूपाक्षला रिकामा वाटला. तो पुसून त्याने तिथं लिनक्स बसवलं. दोन्ही बिऱ्हाडं झकास नांदू लागली. खूश होऊन त्याने अप्पांसाठी निरूपण लावायला घेतलं...

निरूपणं कुठंच नव्हती. तो भाग रिकामा नव्हताच.

पुसलेलं परत काढायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या त्याला येत होत्या, तेवढ्या त्याने करून पाहिल्या. पंगतीला जायचं त्याने सोडलं. अप्पा दारात येत, क्षणभर उभे राहत, निघून जात. पूजा झाल्यावर ते आपल्या जागी नुसते बसून असत. ते पाहणं विरूपाक्षला सोसवेना.

शेवटी तोच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"अप्पा, माझ्या हातून थोरले गेले."

"सगळे?"

"एक तुकडा सापडलाय... त्याला तुकडा तरी काय म्हणायचं."

"लाव."

संगणक सुरू झाला. पडद्यावर दोन नावं आली. दोन बिऱ्हाडांच्या ज्या पाटीचा त्याला एवढा अभिमान होता, तिच्याकडे आज त्याला बघवेना. त्याने बटण दाबलं. अप्पांनी स्टूल पुढे ओढलं.

आधी नुसती खरखर. मग एक खोकला, म्हातारा, दाटलेला. कसलं तरी भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज. आणि मग खर्जातला, सावकाश स्वर...

"तर मग..."

पुढे काही नाही.

अप्पांनी कान स्पीकरला लावला होता. तो त्यांनी काढला नाही.

"तांब्या ठेवला त्यांनी," ते हळूच म्हणाले. "पाणी प्यायले."

"एवढंच राहिलंय, अप्पा. मी तुमचं ऐकलं असतं तर..." विरूपाक्ष म्हणाला. "निदान रागवा तरी माझ्यावर."

अप्पा स्पीकरलाच कान लावून होते.

"मी निघतो. इथं राहायला आता तोंड नाही मला."

संगणक बंद करायला त्याने हात पुढे केला. अप्पांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"थांब," अप्पा म्हणाले. "'तर मग' म्हणालेत ते. त्यांचं बोलणं पुरं होऊ दे."