तीन घुंगरांची दोरी

एका राज्यात तटाला जीव होता. कुठं खुपलं की तो विव्हळे, आणि ते ऐकून तटावरची साळुंकी लाल दोरीला तीन घुंगरं बांधून वाऱ्यावर सोडी. दोरी आपली आपण उडत सेनापतीच्या हाती पडे. घुंगरांची दोरी म्हणजे शत्रू आला, धावा; तिच्यावाचून सैन्य जागचं हलत नसे. नुसती दोरी म्हणजे सारं शांत, तलवारी म्यान करा. हा दुसरा निरोपही हवाच हो. तिथलं सैन्य एकदा पेटलं की शत्रू संपल्यावर आपलीच घरं जाळी. खोटं वाटतं? मग त्या साळुंकीलाच विचारा.

सेनापतीचं नाव शूरधर. साळुंकी त्यानंच पिल्लाची मोठी केलेली, तळहातावर सातूचं पीठ भरवून.

एके दुपारी दक्षिण तटाला बाभळीच्या काट्याएवढं भोक पडलं. त्यातून सोनेरी बुटके आत शिरले, द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटून. हाती शस्त्र नाही. पण अंगरखे चेटकिणीनं विणलेले, आणि त्या अंगरख्यांना बारीक दात. साळुंकीनं दोरी सोडली. ती बुटक्यांवरून जाताना अंगरख्यांनी तिन्ही घुंगरं कुरतडून पाडली. दरबारात बसलेल्या शूरधराच्या हाती नुसती दोरी आली.

"सारं शांत," तो म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

दुसरी दोरी आली, तीही नुसती. तिसरी आली, तशीच. मग साळुंकी स्वतःच आली, धापा टाकत.

"सेनापती, विडे काय चघळता? दक्षिण वस्ती चालली!"

"तीन दोऱ्या आल्या. तिन्ही नुसत्या."

"मी घुंगरं बांधली होती."

"मग गेली कुठं? वाऱ्यानं खाल्ली?"

"ते मला ठाऊक नाही. चला आणि बघा."

"सेनापती दोरीवर चालतो, पाखराच्या बडबडीवर नाही."

"लहानपणी हीच बडबड गोड लागायची, बाबा."

सारा दरबार फिसकन हसला. शूरधराला ते झोंबलं. खोटी वर्दी देणाऱ्या पाखराच्या चोचीवर मौनाची मोहर लावावी, असा तिथला कायदा. ही मोहर लावता येते, काढता येत नाही. शूरधरानं ती आपल्या हातानं लावली.

मग मनाला लागलं म्हणून तो दक्षिणेला गेला. चुली थंड, दारं सताड, माणूस एक नाही. वाटेत नऊ घुंगरं पडलेली. प्रत्येकाला लाल सुताचं टोक, त्यावर दातांच्या खुणा.

तो तसाच चेटकिणीकडे गेला. बुटक्यांनी तिचंही घर धुऊन नेलं होतं.

"अंगरखे तू विणलेस. उसव."

"माझं विणलेलं मलाही उसवत नाही. पण त्या दातांना खोटा घास देता येतो. बोलक्या फणसाचा चीक आण. त्याची तीन घुंगरं वळ. आणि ज्या चोचीनं खरी बांधली, तिच्याकडूनच ही बांधून घे."

फणसानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग चीक दिला. घुंगरं वळताना तळहाताची साल निघाली. ही दोन कामं सोपी. तिसऱ्यासाठी तो साळुंकीपुढं पागोटं काढून उभा राहिला.

"चुकलो, बये."

तिनं चिकाचं एक घुंगरू चोचीत धरलं.

खोटी दोरी उडाली. अंगरख्यांनी कचकन चावा घेतला आणि दात चिकात रुतून बसले. मागोमाग खरी दोरी निघाली, ती छुमछुमत थेट छावणीत. सैन्य धावलं. दिवस मावळायच्या आत बुटके संपले, अंगरख्यांच्या चिंध्या झाल्या, चेटूक सुटलं. मग साळुंकीनं नुसती दोरी सोडली. तलवारी म्यान झाल्या. एकही घर जळलं नाही.

राजानं नवा कायदा केला: नुसती दोरी आली, तरी एकानं तटावर जाऊन बघावं. ते काम शूरधरानं मागून घेतलं. म्हातारा झाला, तरी रोज संध्याकाळी नुसती दोरी हाती आली की तो तट चढतो, तळहातावर सातूचं पीठ धरतो. साळुंकी मोहरेच्या फटीतून टिपते.

"सारं शांत ना गं?" तो विचारतो, आणि थांबतो.

तिनं उत्तर दिलं असतं, तर ही गोष्ट तुम्हाला माझ्यासारख्या थापाड्याकडून ऐकावी लागली नसती.