सोवळ्यातलं झाड

“आणि फळ?” लोला बासिलियानं विचारलं.

“नाही.”

“एकही?”

“चार वर्षांत एकही नाही.”

कोकोच्या भाजलेल्या बियांची टरफलं म्हातारी नखानं सोलत होती, ती सोलतच राहिली…

तेरियो अंगणात उभा होता. पहाटे घरून निघाला, तो बोहोल बेटावरच्या या डोंगरवाडीत पोचेपर्यंत दुपार कलली होती. बस म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन बसायचं त्याला धाडस नव्हतं.

लोला म्हणजे आजी. नात्याची असो नसो, त्या मुलखात सगळे तिला लोलाच म्हणत. कोकोच्या झाडांतलं तेरियोला जे काही येत होतं, ते तिच्या हाताखाली नऊ वर्षं राबून आलेलं. आणि चार वर्षांपूर्वी याच अंगणात उभं राहून त्यानं तिला सुनावलं होतं, “तुमच्या वाडीत सगळी भेसळ झालीय, लोला. जुनं खरं बियाणं आता फक्त माझ्याकडे आहे.”

एवढं बोलून तो तावातावानं गेला, तो आज उगवला होता. गरज मोठी वाईट. भल्याभल्यांचा ताठा ती उतरवते.

त्याचं ते बियाणं म्हणजे बापानं मागे ठेवलेलं एक झाड. जुन्या जातीचं, लाल सालीच्या फळांचं, आतल्या बिया पांढऱ्या; भेसळ झाली की त्या जांभळ्या निघायच्या. बाप गेला आणि तेरियोनं त्या झाडाला अगदी सोवळ्यात ठेवलं. आसपासची मिश्र जातीची एकोणीस झाडं तोडून टाकली. त्यातली निम्मी धाकट्या भावानं, क्रिस्पुलोनं, हातानं लावलेली होती. क्रिस्पुलोनं मधे पडून कुऱ्हाडीचा दांडा धरला, तर तेरियोनं त्याला ढकलून दिलं. त्याच आठवड्यात क्रिस्पुलो बायकामुलांना घेऊन ओढ्यापलीकडे राहायला गेला.

मग झाडाला बांबूचं कुंपण झालं. खालची जमीन रोज सकाळी खराट्यानं लख्ख होऊ लागली. आणि घरात तेरियोशी बोलायला कोणी उरलं नाही.

“कलमं बांधलीस?” लोलानं विचारलं.

“चौदा बांधली. सगळी वाळली. फांद्यांत जीव नाही, लोला. बुंधा आतून पोकळ झालाय. पुढचं वादळ त्याला झेपायचं नाही. त्याआधी बी धरलं नाही, तर संपलंच. बाबांचं काही म्हणजे काही उरणार नाही.”

एक चिलट त्याच्या डोळ्यात शिरलं. लोलाच्या वाडीत केळीचे कापलेले खुंट, कुजकी पानं, फळांच्या रिकाम्या कवट्या असं सगळं जिथल्या तिथं पडलेलं असायचं, आणि त्यावर चिलटांचे थवे. तेरियोनं हात उगारला.

“मारू नकोस,” म्हातारी म्हणाली. “कामाला आलीत ती.”

“माहीत आहे मला.”

“तुला सगळंच माहीत असतं… तुझ्याकडे येतात?”

“कशाला येतील? खाली पान पडू देत नाही मी.” मग घाईघाईनं तो म्हणाला, “पण त्यांच्या भरवशावर नाही राहिलो. चिलटांचं काम मी स्वतः केलं. मांजराच्या केसांचा कुंचला केला. सहाशे फुलं, लोला. एकेका फुलातली परागांची धूळ उचलून हातानं दुसऱ्या फुलाला लावली.”

“कुठल्या झाडाची धूळ?”

“त्याच झाडाची.”

“कुठल्या झाडाला?”

“त्याच.”

लोलाचे हात पहिल्यांदाच थांबले.

“म्हणजे त्याचंच त्याला.”

तेरियो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“ते झाड स्वतःचं स्वतःला घेत नाही, हे तुला कधी कळलं?”

खोटं बोलायचं त्यानं मनात आणलं होतं. पण तिच्यापुढे ते कधी साधलं नव्हतं.

“दुसऱ्याच वर्षी.”

“मग?”

“मग काय? एकोणीस झाडं तोडून बसलो होतो. कोणत्या तोंडानं सांगू? आणि सांगू कोणाला?”

“कोणी येत नाही तुझ्याकडे?”

“कोण येणार!”

“मग बोलतोस कोणाशी?”

“झाडाशी.”

“आणि ते काय म्हणतं?”

यावर तेरियोला एकदम रडूच आलं. चाळिशीतला, चांगला आडव्या हाडाचा माणूस तो. मनगटानं डोळे पुसत उभा राहिला. सोमवारपासून तो माणसाशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आज शनिवार होता. सकाळी चूल पेटवायची, एकट्यापुरता भात टाकायचा, तो संध्याकाळीही खायचा. चार वर्षं त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागला तर आवरेना.

लोलानं त्याला सांगू दिलं. सांत्वनाचा शब्द काढला नाही. त्याचं सांगून झालं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मीही वाट बघत होते, दोंग.”

दोंग म्हणजे बाळा. असं त्याला हाक मारणारं आता तिच्यावाचून कोणी नव्हतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “तुमच्या झाडांची फुलं द्या मला. ओल्या पानात गुंडाळून नेतो.”

लोला उठली. कंबरेवर हात ठेवून वाडीत गेली आणि कोयत्यानं एक लाल फळ काढून घेऊन आली. तेरियोनं ते लांबूनच ओळखलं. त्याच्या बापाच्या झाडाला अशीच फळं यायची.

“हे झाड अजून आहे?”

“जायला काय झालं? तुझ्या त्या भेसळीच्या मधोमध उभं आहे.”

लाकडाच्या ठोकळ्यानं तिनं फळ फोडलं. बुळबुळीत गर बाजूला सारला आणि एकेका बीचं टोक नखानं खरवडून बघू लागली. जांभळी. जांभळी. जांभळी… तेरियोच्या ओठांवर जुनं हसू येऊ पाहत होतं. एवढ्यात तिच्या नखाखाली पांढरं दिसलं. मग पुन्हा जांभळ्याच. मग आणखी एक पांढरी.

अडतीस बियांत पांढऱ्या तीन निघाल्या. त्या तिनं वेगळ्या पानावर ठेवल्या.

“ह्या याच झाडाच्या,” ती म्हणाली. “स्वतःच्याच धुळीच्या.”

“कसं शक्य आहे? हेही झाड स्वतःचं घेत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“एकटं आलं तर घेत नाही. परक्यांच्या घोळक्यातून आलं, तर कधीकधी त्यालाही आत घेतं.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“अशा बिया लावून बघितल्यात. नऊ झाडं झाली, सगळी जुन्या जातीची.”

तेरियो खाली बसला. जुनं बियाणं आपणच राखतो आहोत, या एका गोष्टीवर त्याचं एकटं घर आजवर उभं होतं. आणि ही म्हातारी त्याचे टोमणे ऐकून घेऊन, कचऱ्यात बसून, निमूटपणे तेच राखत आली होती. त्याला तिचा रागही आला. मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज काही केल्या जाईना.

“तर मग ह्या तीन द्या मला,” तो हळूच म्हणाला.

“घे. पण ह्या माझ्या झाडाच्या. तुझ्या बापाचं झाड ह्यांनी फळणार आहे का?”

“म्हणूनच फुलं मागतोय.”

“फुलंही घे, हवी तेवढी. घरी पोचशील तोवर त्यांचा लगदा झालेला असेल.”

“पळत जातो.”

“वय बघ आपलं… परक्या झाडाचं ताजं फूल लागतं, सकाळी खुडलेलं; त्याच्या धुळीत तुझ्या झाडाची धूळ मिसळायची. तुझ्या जवळपास कोणाची झाडं आहेत?”

तेरियोनं समोरचं वाळकं पान उचलून चुरगाळलं.

“आज इथं येताना वाटेत कोणाची वाडी लागली?”

तेरियोनं तोंड फिरवलं.

“नाव घेता येत नाही?”

“क्रिस्पुलोची.”

“फुलावर आहेत झाडं?”

“लगडलीत.” त्याला ती सकाळी दिसली होती. भावाच्या घरातला धूर दिसला होता, पोरांचा गलका ऐकू आला होता. तेव्हा तो मान खाली घालून बांधाच्या पलीकडून निघून गेला होता.

“म्हणजे पाच पावलांवरची फुलं सोडून तू अर्ध्या दिवसाची वाट तुडवलीस.”

तेरियोनं मान हलवली. लोलानं राहिलेल्या बिया सुपात भरल्या, पानावरच्या तीन पांढऱ्या बिया त्याच्या हातावर ठेवल्या.

तो उठला. फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

“लोला… मी त्याच्या दारात जाऊन काय बोलू? चुकलो म्हणू?”

“ते नको म्हणूस.”

“मग?”

“फुलं दे म्हण.”

“आधी चुकलो तरी म्हणायला हवं ना?”

म्हातारीनं सूप मांडीवर ओढून घेतलं.

“चुकलो म्हणायला पायरीशी उभं राहिलं तरी भागतं, दोंग. मागायला घरात जावं लागतं.”