भिकोबाची घोगरी घंटा

श्रीतुळशीनाथ महाराज तेव्हा डोहगावी, नदीकाठच्या शिवालयात राहत होते. थंडीचे दिवस होते. सकाळी ओसरीवर कोवळे ऊन यायचे आणि महाराज त्या उन्हात बसून येईल त्याची विचारपूस करायचे. आधी "जेवलास का?" हे विचारायचे, देवाधर्माचे मागाहून!

त्या गावात भिकोबा ओतारी होता. काशाची भांडी ओतणारा, महाराजांवर जीव ओवाळून टाकणारा म्हातारा. देवळाला नवी घंटा हवी होती, म्हणून घरोघरच्या बायकांनी मोडकी-चेपकी काशाची भांडी आणून दिली आणि भिकोबाने घंटा ओतली. ती बांधली मात्र, अन् गाव हसू लागले. खणखणीत टोल पडेचना. घूंऽऽ असा जड, घोगरा आवाज निघे.

सगळ्यांत मोठ्याने हसले विसाजीपंत गवई. पंतांचा गळा गोड खरा, पण जीभ? राम राम! "अरे भिकोबा, घंटा ओतलीस की म्हैस?" ते म्हणाले. "लोकांना वाटेल, देवालाच पडसं झालंय! उद्या घणाने फोडा ही, आणि पुन्हा देवळाचं काम याच्या हाती देऊ नका."

पंचांनी माना डोलावल्या. उतारवयात भिकोबाची अब्रू गेली. असे का झाले म्हणून विचारले, तर खाली मान घालून एवढेच म्हणाला, "चूक माझीच. फोडा."

पंत बाहेर हसत होते, पण घरी गेले की त्यांचे हसू मावळायचे. त्यांची लेक द्वारका माहेरी आली होती. तिचे सात महिन्यांचे बाळ तापाने गेले, त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून पोर रडली नाही, बोलली नाही, डोळ्याला डोळा लागला नाही. अंग नुसते काडी झाले होते. वैद्यांनी हात टेकले. पंतांनी स्वतः तिच्यापुढे बसून राग आळवले, तर ती कानांवर हात ठेवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लोक घण घेऊन देवळात जमले, आणि त्याच वेळी पंतांची बायको लेकीला हाताला धरून महाराजांकडे आली. "महाराज, एवढी एक लेक आहे हो आम्हाला," असे म्हणून ती माउली मटकन खाली बसली.

"थांबा रे," महाराज घणवाल्यांना म्हणाले. "आधी आमच्या पोरीला घंटेखाली बसू द्या. भिकोबा, आतला टोल देणारा लोळा काढ. मुठीला उपरणं गुंडाळ आणि हलकेच मार."

"माझ्या सुरांनी झालं नाही, ते या म्हशीच्या हंबरण्यानं होणार?" पंत म्हणाले.

"म्हशीच्या पारडाला तेच कळतं, पंत," महाराज हसून म्हणाले.

भिकोबाने मूठ मारली. घूंऽऽ! तो नाद फरशीतून सरकत आला आणि बसलेल्यांच्या छातीत शिरला. मग महाराजांनी घंटेवर तळवा ठेवला. एरवी हात लागला की घंटा गप्प होते. पण काय सांगू! ही घुमतच राहिली. पंत तिच्या सुरात सूर मिळवायला गेले, तर त्यांचाच सूर लागेना.

द्वारकेने मान वर करून घंटेकडे पाहिले. "यात माझ्या बाळाची वाटी आहे," ती म्हणाली. तीन महिन्यांतले तिचे पहिले बोल! "उष्टावणाची. पहिला घास भरवला ती. मी भट्टीपाशी पोचले तेव्हा मुशीत काशाचा रस तयार होता. मागाहून काही घातलं की रस बिघडतो, भिकूकाका नको म्हणाले. पण मी हलेचना... मग त्यांनी टाकली."

एवढे बोलून तिने हंबरडा फोडला. आईच्या मांडीत तोंड खुपसून पोर पोटभर रडली आणि रडता रडता गाढ झोपली. तेव्हा कुठे महाराजांनी हात उचलला. घंटा शांत झाली.

"अरे, काल का बोलला नाहीस?" पंतांनी भिकोबाला विचारले.

"पोरीचं दुःख चावडीवर कसं मांडू, पंत?"

पंत महाराजांच्या पायाशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आमचे पाय कुठे पळत नाहीत. आधी तिकडे जा."

भिकोबा "नको, नको" म्हणत मागे सरला, पण पाठ भिंतीला लागली. साऱ्या गावादेखत गवयाने ओताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. हुंदका आला, तोही पंतांनी उपरण्यात दाबला, कारण लेक झोपली होती.