खवल्याची पंचगिरी

घाटाच्या पायथ्याशी, हिरड्या-बेहड्यांच्या एका रानात एक म्हातारा खवल्या राहत असे. खवल्या म्हणजे खवले मांजर. अंगभर चिलखत, तोंडात जन्मापासून एकही दात नाही आणि जीभ मात्र वारुळाच्या तळापर्यंत पोचेल एवढी लांब. ही जात एकटी राहणारी. दिवसा बिळात झोपायचं, अंधार पडला की वाळवी शोधायची. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आपला खवल्याही तसाच राहत होता. पण एका दुपारी रानातली पोरं त्याच्या बिळाशी येऊन ओरडू लागली आणि त्याची दुपारची झोप गेली ती गेलीच.

त्या पोरांना तेव्हा कवठफळीचं वेड होतं. आता तो खेळ कोणी खेळताना दिसत नाही, म्हणून सांगतो, मुलांनो. वाळलेलं टणक कवठ हा चेंडू आणि सागाची चपटी फांदी ही फळी. फळीने कवठ टोलवायचं, चार झाडांना शिवत गोल पळायचं आणि कवठ परत यायच्या आत एका सपाट दगडावर पाय टेकायचा. त्या दगडाला म्हणायचं 'घर'. पाय आधी टेकला तर गडी पोचला, कवठ आधी टेकलं तर बाद. खेळ सोपाच होता; पण आधी काय टेकलं हे सांगायला पंच लागे आणि पंच काही केल्या टिकत नसे. सशाने पहिल्याच दिवशी पाठीत कवठ खाल्लं आणि तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. घुबड दगडाशेजारी उभ्या उभ्या घोरू लागलं. कासवाचे निकाल अगदी अचूक असत, पण ते पूर्ण विचारांती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळत.

"आजोबा, तुम्हाला चिलखत आहे," कोल्ह्याचं पिल्लू म्हणालं. "कवठ लागलं तरी तुम्हाला काय होणार? चला ना!"

उभ्या आयुष्यात खवल्याला कोणी 'चला ना' म्हटलं नव्हतं. तो डोळे चोळत त्यांच्यामागून निघाला.

पहिल्याच डावात त्याची फजिती झाली. रानडुकराचं पिल्लू धूळ उडवत घराकडे सुटलं, समोरून कवठ भणभणत आलं आणि नेमक्या त्या क्षणी खवल्याने भीतीने अंग मिटून घेतलं. नाक पोटात, शेपूट डोक्यावर, झाला गोळा! आत काळोखात त्याला नुसता धप्प असा आवाज ऐकू आला. हळूच अंग उलगडून पाहतो तो सगळी पोरं त्याच्याकडे बघताहेत.

खवल्या ओशाळला. "पोरांनो, मी काही पाहिलं नाही रे. आमची जातच अशी. घाबरलो की अंग आपोआप मिटतं. तुम्ही दुसरा पंच बघा."

"पण आजोबा, मला माहीत आहे ना!" रानडुकराचं पिल्लू धापा टाकत म्हणालं. "कवठ आधी आलं. मी बाद."

"मग मी 'बाद' म्हणू?"

"म्हणा की. पंच तुम्ही आहात."

तेव्हापासून त्या मैदानावर एक रीतच पडली. घरापाशी अटीतटीची वेळ आली की पंचआजोबा गोळा होत. मग जो पळत आला असेल त्याने त्यांच्या खवल्यांवर टकटक करायची आणि काय झालं ते हळूच सांगायचं. आजोबा अंग उलगडत, घसा खाकरत आणि जणू सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखा निकाल देत. कोल्ह्याच्या पिल्लाने एकदा थाप मारली. आजोबांनी बिनतक्रार "पोचला!" म्हणून जाहीर केलं. थोड्याच वेळाने ते पिल्लू पुन्हा आलं आणि खवल्यांवर टकटक करून म्हणालं, "आजोबा, मघाशी मी पोचलो नव्हतो. पोटात कसंतरी होतंय." आजोबा म्हणाले, "दिलेला निकाल आता फिरायचा नाही. पण पोट थांबेल दुखायचं, जा खेळ." आणि ते खरंच थांबलं.

संध्याकाळी पोरं आजोबांना एखादं नवं वारूळ दाखवत आणि ते वाळवी खात असताना भोवती बसून दिवसभराचे डाव पुन्हा खेळत, या वेळी नुसत्या तोंडाने. खवल्याला त्या दिवसांत कसलंही दुःख नव्हतं. इतकी वर्षं आपण एकटे होतो आणि ते आपल्याला कळलंही नव्हतं, असं त्याला राहून राहून वाटे.

पुढे मैदानाच्या कडेची जांभळं पिकली आणि जांभळं खायला म्हणून पोरांचे आईबाप तिथे येऊ लागले. आले ते जांभळांसाठी, बसले ते खेळ बघत. आणि बघता बघता ओरडायला लागले. पोरांपेक्षा त्यांनाच जास्त चेव चढला.

"अहो पंच, डोळे बिळात विसरून आलात का?" कोल्हीण विचारी.

"माझं लेकरू बाद? माझं?" रानडुकरीण पाय आपटत म्हणे. "पुन्हा म्हणून दाखवा बघू!"

आजोबांनी पुन्हा म्हणून दाखवलं की जांभळाच्या बिया टणटण त्यांच्या पाठीवर येऊन पडत. चिलखत होतं म्हणून निभावलं.

कोल्हीण मोठी चाणाक्ष. पंच गोळा होतो आणि पोरं त्याच्या कानाशी लागतात, हे तिने बरोबर हेरलं. ओढ्याच्या अलीकडची पोरं आणि पलीकडची पोरं यांचा मोठा सामना ठरला होता, त्या दिवशी तिने आपल्या पिल्लाला बाजूला घेतलं. "अरे वेड्या, तो म्हातारा काही बघतच नाही. तू सांगशील तो निकाल. मग 'बाद' कशाला सांगायचं? पोचलोच म्हणायचं!"

झाडामागे उभ्या असलेल्या खवल्याने हे ऐकलं. पोर खोटं बोललं तर आपल्या पंच असण्याला काही अर्थ उरणार नाही. खरं बोललं तर ही बाई गप्प बसणार नाही. कसंही झालं तरी ह्या पोरांची सोबत आता सुटणार, हे त्याला दिसलं. अंग न मिटता डोळे उघडे ठेवायचे, असं त्याने पक्कं ठरवलं.

सामना रंगला. पलीकडच्यांना गाठायला अलीकडच्यांना एकच फेरी कमी होती. कोल्ह्याच्या पिल्लाने कवठ लांब टोलवलं आणि ते जीव घेऊन पळालं. चौथं झाड शिवून ते घराकडे वळलं, समोरून कवठ आलं आणि ठरवलेलं सगळं विसरून खवल्याचं अंग मिटलंच.

आत काळोख. बाहेर कोल्हीण ओरडत होती, "पोचलास रे, पोचलास!" खवल्या टकटकीची वाट बघत राहिला. टकटक काही होईना. आणि मग अगदी हलक्या हाताने झाली.

"आजोबा," पिल्लू कसंबसं म्हणालं, "बाद."

खवल्याने अंग उलगडलं. "बाद!" तो इतक्या जोरात ओरडला की झाडावरचे पोपट उडाले.

झालं! कोल्हीण तडक मैदानात आली. "हा पंच काही बघत नाही! गोळा होऊन बसतो आणि पोरांना विचारतो!"

आता पलीकडच्या, म्हणजे जिंकलेल्या रानडुकरिणीने तरी गप्प राहावं की नाही? तीही उठली. "म्हणजे परवा माझ्या लेकराला बाद दिलंत ते न बघताच?" मग सगळेच आईबाप तुटून पडले.

"खरं आहे," खवल्या म्हणाला. "मी कधीच काही पाहिलेलं नाही." आणि तो आपल्या बिळाकडे चालू लागला.

कोल्ह्याचं पिल्लू त्याच्यामागे धावलं. "आजोबा, मी पोचलो म्हटलं असतं तर तुम्हाला जावं लागलं नसतं."

"नसतं रे," खवल्या म्हणाला. "पण मग पुढच्या टकटकीवर निकाल द्यायचा मला धीर झाला नसता."

आईबापांनी नवा पंच आणला. घार. तिला उंचावरून गवतातला उंदीरसुद्धा दिसे. तिचे निकाल बरोबर असत. पण खेळाचं काहीतरी बिघडलं. बघायला घार आहे म्हटल्यावर खरं सांगायचं काम पोरांना उरलंच नाही. उरलं ते तिला चुकवायचं काम. पोरं मुद्दाम धूळ उडवत, फांद्यांच्या आडून पळत आणि पकडली गेली तरी "मी नाही, मी नाही" म्हणत. आईबाप घारीलाही सोडत नव्हते. "इतक्या वरून काय दिसणार हिला!" एक दिवस अलीकडचे आणि पलीकडचे आईबाप एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा घार म्हणाली, "मी आपली उंदीर धरते," आणि उडून गेली.

खवल्या बिळात पडून होता. पुन्हा दिवसा झोपायची सवय लावावी म्हणून तो डोळे मिटून घेई, पण कवठ टोलवल्याचा आवाज आला की त्याचे कान टवकारले जात. घार उडून गेली त्या दुपारी वेगळाच आवाज आला. काहीतरी जड गडगडत, घसटत येत होतं. तो बाहेर येऊन बघतो तो काय, आईबाप तिकडे भांडत असताना सगळ्या पोरांनी मिळून घरचा दगड ढकलत ढकलत त्याच्या बिळापर्यंत आणला होता. रानडुकराच्या पिल्लाच्या नाकाला माती लागली होती.

"चार झाडं इथेही आहेत," कोल्ह्याचं पिल्लू म्हणालं. "पंच तेवढा हवा आहे."

खवल्याने अंगावरची माती झटकली. तो दगडाशेजारी आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

भांडून दमलेले आईबाप पोरांना शोधत तिथे आले, तेव्हा डाव अगदी भरात होता. कोल्हीण तोंड उघडणार तोच तिचं पिल्लू म्हणालं, "आई, बस की. पण इथे एक नियम आहे. घरापाशी कवठ आलं की बघणाऱ्यांनीही डोळे मिटायचे." आईबापांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने बसले. कवठ आलं. सगळ्यांनी डोळे मिटले. कोल्हिणीने सुरुवातीला एक डोळा जरा किलकिला ठेवला होता, पण नंतर तोही मिटला. त्या शांततेत टकटक झालेली सगळ्यांना ऐकू आली.

पुष्कळ वर्षांनी खवल्या फार थकला. उन्हात उभं राहणं होईना, म्हणून तो बिळाच्या तोंडाशी बसून खेळ ऐके. पंच आता तोच कोल्हा होता, चांगला मोठा झालेला, तीक्ष्ण नजरेचा. त्याला ना चिलखत होतं, ना कवठाची भीती. तरीही पळणारं पोर घराजवळ आलं की तो मैदानाकडे पाठ करून उभा राही आणि पाठीवर कोणीतरी टकटक करायची वाट बघे. खवल्या आपल्या जागेवरून तो आवाज ऐके आणि तिकडे काय सांगितलं गेलं हे कळण्याआधीच समाधानाने डोळे मिटून घेई.

तात्पर्य : पहारा ठेवला की मुलं पहारा चुकवायला शिकतात; विश्वास ठेवला की खरं बोलायला शिकतात.