दमलेला ढग आणि कोंडाई

पाय आधी पांघरुणात घ्या. घेतले? मग ऐका.

लांब डोंगराळ मुलखात एक राजा होता. फार मोठा नव्हता, बरं का. त्याच्याकडे हत्ती एकच, तोही म्हातारा. पण त्यानं रयतेसाठी तीन गोष्टी केल्या होत्या. पायथ्याच्या गावात धान्याचं कोठार बांधलं होतं. डोंगरावर चढणाऱ्या वाटेच्या वळणावळणावर घंटा टांगली होती, आणि प्रत्येक घंटेपाशी एक माणूस नेमला होता. आणि त्याच पायथ्याच्या गावात बायजा नावाची एक सुईण नेमली होती. कुणाच्याही घरी बाळ येणार असलं की तिनं जायचं.

डोंगराच्या माथ्यावरच्या वाडीत कोंडाई राहायची. घोंगड्या विणायची. हाताची मोठी हुशार, पण कुणाकडून काही घ्यायचं म्हटलं की तिला जड जायचं. दरसाल सगळे कोठारात टोपलीभर नाचणी टाकायचे. कोंडाईही टाकायची, पण कुरकुरत. म्हणायची, घंटेवाले नुसते बसून असतात, ती बायजा दारात ऊन खात असते, हवेत कशाला हे सगळे? मला अडलं तर शेजारची सगुणा आहे, तिला अडलं तर मी आहे. आणि ते खरंच होतं. दोघींनी एकमेकींना कधी उणं पडू दिलं नव्हतं.

मग एकदा काय झालं, समुद्राकडून एक ढग चालत आला. चालून चालून दमला बिचारा. म्हणाला, जरा टेकू या. आणि डोंगरावर बसला. बसला तो झोपूनच गेला.

पहिले काही दिवस गंमत वाटली. ढग दारातून आत आला, चुलीपाशी बसला, दुधाच्या पातेल्यात उतरला. पोरं पेल्यात ढग भरून एकमेकांना द्यायची. काळ्या गाई पांढऱ्या दिसायला लागल्या. बोलणंसुद्धा कापसात गुंडाळून यायचं.

मग आठवडे गेले. ऊन नाही. नाचणी शेतातच काळी पडली, घरोघरच्या कणग्या रिकाम्या झाल्या. कोंडाईची लेक तुळसा बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला नववा महिना. कोंडाई स्वतः उपाशी राहायची, लेकीच्या ताटात वाढायची. एक दिवस घरात काहीच उरलं नाही. मग ती भिंत चाचपत सगुणेच्या घरी गेली. सगुणा थंड चुलीपुढे बसली होती.

"मीच तुझ्याकडे निघाले होते गं," सगुणा म्हणाली.

 ढग सगळ्यांच्याच घरांवर बसला होता ना. मग कुणी कुणाला द्यायचं?

तेवढ्यात खालून घंटा वाजली. मग जरा वरची. मग त्याच्या वरची. कोठारातली माणसं पाठीवर पोती घेऊन, आवाजाच्या मागे मागे वर येत होती. दारोदार नाचणी उतरली. कोंडाईनं मान खाली घालून पदर पसरला. पोतंवाला म्हणाला, अहो, तुमच्याही टोपल्या आहेत यात.

मग विहिरीची वाट दिसेना. घंटेवाल्यांनी घरांपासून विहिरीपर्यंत आणि तिथून सगळ्यात वरच्या घंटेपर्यंत दोर बांधला. बाया तो धरून पाण्याला जाऊ लागल्या.

मग एका दुपारी तुळसाला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. सगुणा धावत आली, पण तिलाही काही सुचेना. कोंडाई दोर धरून त्या वरच्या घंटेपाशी गेली. तिथल्या माणसानं खालच्याला हाक दिली, त्यानं त्याच्या खालच्याला. निरोप डोंगर उतरून गेला. आणि म्हातारी बायजा एकेका घंटेचा आवाज धरत, एकेक वळण चढत, दिवस मावळायच्या आत दारात आली. तिनं हात ऊन पाण्यात धुतले, तुळसाच्या पोटावर ठेवले, आणि हळूहळू, अगदी हळूहळू बाळाला वळवलं.

कोंडाई बाहेर आणखी पाणी तापवत होती.

मग बाळ रडलं. असं रडलं, असं रडलं, की ढगाला जाग आली. त्यानं खाली पाहिलं. म्हणाला, "अरेच्चा, इथं माणसं राहतात?" फार ओशाळला तो. घरांतून, पातेल्यांतून, गाईंच्या अंगावरून आपलं सगळं अंग गोळा केलं आणि पाय न वाजवता निघून गेला.

कोंडाईनं बायजेला गरम पेज दिली. म्हणाली, "बायजाक्का, मी तुला फार बोलत आले. नुसती बसून असते म्हणायचे."

बायजा पेज पीत म्हणाली, "बसलेली होते म्हणून सापडले ना गं तुला."

 कोंडाईनं बायजेचे दमलेले पाय मांडीवर घेतले आणि चेपत बसली.

बाहेर डोंगरावर मावळतीचं केशरी ऊन उतरलं होतं. नातीचं नाव उजळा ठेवलं. मग तुळसा निजली, उजळा निजली, बायजासुद्धा बसल्या जागी निजली, आणि त्या वाडीत सगळे पुष्कळ वर्षं आनंदानं नांदले. आता तुम्हीही डोळे मिटा. मिटले? हं.